साधनाबाई झोन सांभाळतात

रास अल खैमाला आपण मुळीच जाणार नाही, असं साधना तुळपुळे यांनी सोमवारी सकाळी ऑफिसात ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांना जा असं कुणी म्हटलंसुद्धा नव्हतं! साधनाबाईंची पद्धतच तशी. नकार आधी देऊन ठेवायचा. प्रश्न काय, मागून येतोच.

तो बुधवारी आला.

साधनाबाईंची कंपनी टाइल्सची. कारखाना रास अल खैमात, ऑफिस दुबईत. ऑफिसचा अर्धा मजला सोडायचं ठरलं, म्हणजे मजल्यावरच्या दोन खात्यांपैकी एकाने उठून कारखान्याशेजारी जाऊन बसायचं. एक खातं सेल्स. दुसरं डॉक्युमेंटेशन, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणारं. त्याच्या प्रमुख साधनाबाई. कारखान्याजवळ कोण जास्त शोभेल यावर दोन्ही खात्यांत इतकी चर्चा झाली, की सेल्सवाले डॉक्युमेंटेशनचं आणि डॉक्युमेंटेशनवाले सेल्सचं आयुष्यात पहिल्यांदाच कौतुक करू लागले.

"सेल्स म्हणजे कंपनीचं हृदय," साधनाबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या. "आणि हृदय कारखान्यापासून असं लांब ठेवणं बरं नाही, सर."

"नो नो," सेल्सचा प्रमुख हम्माद छातीवर हात ठेवून म्हणाला, "हृदय तर तुम्ही आहात, मॅडम."

जीएम साहेब टेक्ससचे. उंची अशी की दारातून आत येताना नमस्कार केल्यासारखे वाकत, त्यामुळे डॉक्युमेंटेशनचे खैरुद्दीनचाचा त्यांना फार नम्र माणूस समजत. या नम्र माणसाने टेबलावर मूठ आपटली.

"खलास!" ते ओरडले. गल्फमध्ये येऊन ते हा एकच शब्द शिकले होते, पण तो अगदी पोटातून म्हणत. "आमच्या गावात असले वाद मैदानात मिटवतात. फ्लॅग फुटबॉल! पाच-पाच जण. येत्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. जो हरेल तो रास अल खैमाला जाईल."

सगळ्यांना वाटलं, साहेब गंमत करतायत. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी शिट्टी विकत आणली.

*

साधनाबाई राहायच्या शारजात, अल मजाजला. नवरा विजयकुमार याचं ऑफिस पार जबल अलीला, म्हणजे एका टोकाला. आता साधनाबाई रास अल खैमाला गेल्या, म्हणजे दुसऱ्या टोकाला.

"म्हणजे नवराबायकोने देशाच्या दोन टोकांना नोकऱ्या करायच्या आणि मध्ये शारजात फक्त झोपायला भेटायचं!" साधनाबाई कढईत कालथा आपटत म्हणाल्या.

'आत्ता तरी काय वेगळं आहे' असं म्हणायला विजयकुमारने तोंड उघडलं, आणि ऐनवेळी शहाणपणाने त्याची जांभई केली.

"ओवीचं अकरावीचं वर्ष. तिची शाळा इथे. आणि तिकडे जाऊन मी बघू काय? सिमेंटचे ट्रक? मी जाणार नाही म्हणजे नाही! जिंकूनच दाखवते!"

"अगं, पण तुला तो खेळ..."

"अहो, त्यात काय एवढं? पाच माणसं आणि एक बॉल. मी गणपतीत दीडशे माणसांची पंगत उठवते!"

इथे सोफ्यावरून हसण्याचा आवाज आला. ओवी तुळपुळे शाळेच्या फ्लॅग फुटबॉल टीममध्ये डिफेन्सला होती, आणि आईला काही शिकवायची संधी तिला जन्मात पहिल्यांदाच मिळत होती.

"आई, लिसन. तुम्हाला मॅन कव्हरेज जमणार नाही. यू आर ऑल टू स्लो."

"स्लो कोणाला म्हणतेस गं?"

"सॉरी. टू सीनियर. सो यू प्ले झोन."

ओवीने आधी खेळ सांगितला. धक्काबुक्की नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन्हीकडून फडकी लोंबतात, ज्याच्या हातात बॉल त्याचं फडकं ओढलं की त्याचा डाव तिथेच संपला. बॉल दोन्ही टोकं धरून ताणलेल्या नारळासारखा. समोरचा एक जण तो फेकतो, बाकीचे पळत जाऊन झेलतात. आपण झेलू द्यायचा नाही.

"मग झोन म्हणजे?"

ओवीने विचार केला. मग मराठीत आली. विषय खरोखर गंभीर असला तरच ती मराठीत येत असे.

"गेल्या आठवड्यातलं झुरळ आठवतं? बाबा चप्पल घेऊन त्याच्यामागे हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून बेडरूममध्ये, बेडरूममधून बाल्कनीत धावत होते. दॅट इज मॅन कव्हरेज. झुरळ जिथे, बाबा तिथे."

"आणि ते सापडलं का?" विजयकुमारने दुखावून विचारलं. "नाही ना? पण प्रयत्नात कसूर नव्हती."

"झोन म्हणजे काय, बाबा हॉलमध्ये उभे, आई किचनमध्ये, मी पॅसेजमध्ये. आपापली खोली सोडायची नाही. झुरळ हॉलमध्ये आहे तोवर बाबांचं. किचनमध्ये शिरलं की आईचं. बाबांनी 'आलं गं!' एवढं ओरडायचं आणि उंबऱ्यावर थांबायचं, कारण मागून दुसरं झुरळ येऊ शकतं. आणि नजर झुरळावर नाही ठेवायची. झुरळ जिथून सुटतं त्या मोरीवर ठेवायची. म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर. दॅट्स इट!"

साधनाबाईंनी कालथा खाली ठेवला. मग त्यांचा चेहरा असा उजळला, जसा फक्त भांडणात मुद्दा सापडला की उजळतो.

"एवढंच? अगं, हे तर मी लग्न झाल्यापासून करतेय! ह्यांना हॉल सोडून कुठे काही दिसत नाही, बाकीच्या सगळ्या खोल्या माझ्याच!"

झोन कव्हरेज साधनाबाईंना कळलं होतं. यात अजिबात शंका नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणालाही शंका येईल.

*

टीम ठरली. पुढे डावीकडे साधनाबाई. त्यांच्या बरोबर मागे मुश्ताक परकार, मूळचा बाणकोटचा, आता दुबईतल्या करामा भागात राहणारा. पुढे उजवीकडे इद्रीस, आणि त्याच्या मागे खैरुद्दीनचाचा, ज्यांना धावणं हे चारचौघांत केस विंचरण्याइतकं अशिष्ट वाटे. पाचवी नबिला. ती लाहोरची, तोंडाने तिखट, म्हणून तिला थेट बॉल फेकणाऱ्याच्या अंगावर सोडायचं ठरलं.

पहिला सराव घराजवळच्या खालिद लगून या खाडीच्या कडेच्या हिरवळीवर झाला. विरुद्ध बाजूला धावायला ओवी आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणी. त्यातली एक मुलगी धावत साधनाबाईंच्या झोनमध्ये शिरली. साधनाबाई तिच्याबरोबर निघाल्या. मुलगी झोन ओलांडून मुश्ताकच्या झोनमध्ये गेली. साधनाबाईही गेल्या. मुलगी मुश्ताकचा झोनही ओलांडून मैदानाच्या टोकाला पोचली. साधनाबाई आणि मुश्ताक, दोघेही, तिच्या दोन बाजूंनी करवल्यांसारखे टोकापर्यंत! तोवर दुसऱ्या मुलीने साधनाबाईंच्या ओसाड झोनमध्ये निवांत उभं राहून बॉल झेलला. तिने बुटाची लेससुद्धा बांधून घेतली.

"आई!" ओवी किंचाळली. "तू तिच्याबरोबर का गेलीस? शी वॉज मुश्ताक अंकल्स! तू सीमेवर सोडून द्यायचं!"

"असं कसं सोडायचं?" धापा टाकत साधनाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, आली होती ना आपल्याकडे? मग निघाल्यावर दाराशी सोडून द्यायचं? निदान लिफ्टपर्यंत तरी जायला नको?"

ओवीने आकाशाकडे पाहिलं. तिथे शारजाला उतरणारं एक विमान होतं. त्याने काही मदत केली नाही.

"आई, शी इज नॉट अ गेस्ट. शी इज अ झुरळ!"

"हळू बोल! तिची आई त्या बाकावर बसलीय!"

"मुश्ताक अंकल, तुम्ही तरी. तुम्ही का गेलात तिच्यामागे?"

मुश्ताकने घाम पुसला. "बेटा, आमच्या बाणकोटात पाव्हणा होडीत बसला तरी माणूस धक्क्यावरून हलत नाही. होडी पलीकडे लागून तो हात करतो, तेव्हा कुठे आम्ही मागे वळतो. साधनाताई लिफ्टपर्यंत म्हणतायत, हे तर शहरातलं झालं. आटोपतं."

आता बघा, चूक कुणाची? हे दोघं मठ्ठ नव्हते. झुरळाचं गणित दोघांना पाठ होतं. पण अंगणात आलेला माणूस जायला निघाला, की साधनाबाईंचे पाय आपोआप त्याच्यामागे चालू लागत. त्यांना विचारून नाही. घरात कुणीही येवो, गॅसवाला येवो, वाय-फाय दुरुस्त करणारा येवो, साधनाबाई लिफ्टपर्यंत जात, बटण दाबत आणि दार बंद होईपर्यंत हात हलवत. एकदा घर चुकून आलेल्या डिलिव्हरीवाल्याला त्या पार्किंगपर्यंत सोडून आल्या होत्या, वर त्याच्या हातात चिवड्याची पुडी होती.

ओवीने महिनाभर जिवाचं रान केलं. झोनच्या सीमेवर दोरी बांधली. साधनाबाई दोरी उचलून खालून वाकून गेल्या. ओवीने तिथे चपला ठेवल्या, आईला उंबऱ्याची आठवण राहावी म्हणून. साधनाबाईंनी चपला पाहिल्या, पायात घातल्या आणि गेल्या!

"तू बदलतच नाहीस!" ओवी रडकुंडीला आली.

"नाहीच बदलणार!" साधनाबाई कमरेला पट्टा आवळत म्हणाल्या. "अमेरिकेतले लोक पाहुण्याला दारातून कटवतात म्हणून मीही कटवायचं? मी माझ्या रीतीनेच खेळणार, आणि रास अल खैमालाही जाणार नाही! दोन्ही!"

*

शनिवार उजाडला. भाड्याने घेतलेलं मैदान, एका कडेला साहेब शिट्टी घेऊन पंच म्हणून उभे, दुसऱ्या कडेला विजयकुमार चहाचा थर्मास घेऊन. जबल अलीच्या ऑफिसात त्याने अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण रात्री हळूच रास अल खैमातल्या भाड्याच्या घरांचे फोटो बघताना ओवीने त्याला पकडलं होतं. त्यामुळे घरात आज वातावरण तंग होतं.

सेल्सच्या टीममध्ये बॉल फेकायला खुद्द हम्माद. झेलायला अनुपमा, जी चालतानाही पळत असे. आणि दुसरा वेद.

वेदला पाहून साधनाबाईंनी कपाळाला हात लावला. वेद इचलकरंजीचा. दुबईत येऊन वर्ष झालं नव्हतं, करामात चौघांत एक खोली घेऊन राहायचा, आणि महिन्यातून एकदा तरी साधनाबाईंकडे जेवायला यायचा. म्हणजे हा नुसता बॉल झेलणारा रिसीव्हर नव्हता. हा खराखुरा पाहुणा होता!

पहिल्याच डावात वेद धावत आला. "काय काकू, बऱ्या आहात ना?" असं म्हणत त्यांच्या झोनमधून सरळ पुढे गेला.

"मी बरी, तू किती वाळलायस रे!" म्हणत साधनाबाई त्याच्यामागे.

"अरे वेदभाई, कधी आलास?" म्हणत मुश्ताकही त्याच्यामागे.

तिघे गप्पा मारत मैदानाच्या टोकाला पोचले. इकडे रिकाम्या झोनमध्ये अनुपमाने बॉल झेलला आणि गोल केला. गोल म्हणजे जे काय त्याला म्हणतात ते. साहेबांनी दोन्ही हात वर केले. खैरुद्दीनचाचांना वाटलं, दुआ मागतायत. त्यांनीही केले.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच, फक्त या वेळी साधनाबाई जाता जाता वेदला भेंडीच्या भाजीची तार कशी मोडायची ते सांगत होत्या.

"तुम लोग डिफेन्स कर रहे हो या बारात निकाली है?" नबिला कडाडली.

नशीब असं, की डॉक्युमेंटेशनकडे इद्रीस होता. त्याला बॉल दिला की तो पळत सुटे, आणि कुठे थांबायचं हे त्याला माहीत नसल्यामुळे कुणाला सापडत नसे. एकदा तर तो गोल करून तसाच पार्किंगपर्यंत गेला. त्याच्या जिवावर मध्यंतरापर्यंत सामना कसाबसा बरोबरीत राहिला.

मध्यंतरात ओवी आईसमोर गुडघे टेकून बसली. "आई, प्लीज. फक्त थांब. सीमेवर थांब. आय डोन्ट वॉन्ट टू मूव्ह."

हे मात्र साधनाबाईंना लागलं. मुलीने 'प्लीज' म्हटलं म्हणजे पाणी नाकापर्यंत आलं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वेद चहाला आला. आता समोरच्या टीमचा म्हणून काय झालं, थर्मास तर काकूंचा होता! कप रिकामा करून तो म्हणाला, "बरं, येतो काकू."

"निघालास?" साधनाबाई सवयीने म्हणाल्या. "बरं, आईचा गुडघा कसा आहे रे?"

"बराय काकू. आता जिना चढते."

"तेल लावते ना पण? आणि तुझ्या बहिणीचं ठरलं का?"

"एक स्थळ आलंय कोल्हापूरचं..."

"वेद! यल्ला! चल!" तिकडून हम्माद ओरडला.

"आलो सर! तर काकू, मुलगा बँकेत आहे, पण..."

"वेद!!"

"आलो!" वेद म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. त्याचं एक पाऊल मैदानाकडे होतं, मान साधनाबाईंकडे. मोठं माणूस बोलत असताना पाठ फिरवून चालू पडायचं त्याला इचलकरंजीत कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी हम्माद स्वतः येऊन दंडाला धरून त्याला घेऊन गेला.

साधनाबाई त्या दोघांकडे बघत राहिल्या. मग विजयकुमारकडे वळल्या.

"अहो, आपण कुणाकडे जेवायला गेलो की जेवायला जास्त वेळ लागतो की निघायला?"

"निघायला," विजयकुमार एक क्षणही न दवडता म्हणाला. त्याच्या आवाजात वीस वर्षं दाराशी किल्ली फिरवत उभं राहिलेल्या माणसाचं सगळं दुःख होतं.

"हं!" साधनाबाई म्हणाल्या आणि पदर नसूनही खोचल्यासारखं करून उठल्या.

*

शेवटचा डाव. डॉक्युमेंटेशन पुढे होतं, पण निसटतं. बॉल सेल्सकडे. सेल्सने आता गोल केला तर साधनाबाईंचं बिऱ्हाड उत्तरेला. ओवीने डोळ्यांवर हात ठेवले आणि बोटांतून बघत राहिली. विजयकुमारने थर्मासचं झाकण एवढं आवळलं, की ते पुढे आठवडाभर उघडलं नाही.

साहेबांची शिट्टी वाजली. नबिला शिव्या आवरत हम्मादच्या दिशेने निघाली. अनुपमा बाजूला दबा धरून. आणि वेद नेहमीसारखा साधनाबाईंच्या झोनमध्ये शिरला, झोन ओलांडायला निघाला.

साधनाबाईंचे पाय उचलले गेले. सवय! पण या वेळी त्यांनी पायांना दटावलं, सीमेवर गच्च रोवलं आणि मागून हाक मारली.

"निघालास होय रे?"

वेद थांबला! भर धावेत, ब्रेक लावलेल्या टॅक्सीसारखा!

"हो काकू, जरा..."

"अरे, ते कोल्हापूरचं स्थळ अर्धंच राहिलं. मुलगा बँकेत आहे, पण काय?"

"पण काकू, त्याची बदली सारखी होते."

"अगबाई! म्हणजे पोरीने सारखं घर हलवायचं?" साधनाबाईंच्या आवाजात इतका खरा कळवळा होता, की वेद दोन पावलं मागे आला. बदलीचं दुःख आज त्यांच्याइतकं त्या मैदानात कुणालाच कळत नव्हतं.

"तेच तर आई म्हणते काकू..."

ठरल्याप्रमाणे अनुपमा रिकाम्या झोनमध्ये धावत आली. झोन रिकामा नव्हता. त्यात दोन माणसं लग्नाचं बोलत होती. त्यांच्या मधून जाणं काही बरं दिसेना, म्हणून तीही हात जोडल्यासारखी कडेला उभी राहिली.

"वेद! रन! रन!" हम्माद बोंबलत होता. अंगावर नबिला येत होती. नबिला अंगावर आलेली पाहून भल्याभल्यांना काही सुचत नाही, तिथे हम्मादचं काय! त्याने डोळे मिटून बॉल तिकडे भिरकावला, जिथे वेद दर वेळी पोचत असे.

तिथे वेद नव्हता. तिथे मुश्ताक होता. पाव्हणा आलाच नाही म्हणून बिचारा घरातच बसून राहिलेला. बॉल येऊन त्याच्या छातीवर आदळला आणि त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला, जाळ्यातून उसळलेली सुरमई कवटाळावी तसा.

साहेबांची शिट्टी वाजली. खलास! डॉक्युमेंटेशन जिंकलं!

ओवी मैदानात धावली. विजयकुमार धावला. खैरुद्दीनचाचा तीन पावलं चालले, आणि त्यांच्या दृष्टीने तो धुडगूसच होता.

"सर, फाउल!" हम्माद साहेबांकडे गेला. "त्या त्याच्याशी बोलत होत्या! त्याच्या आईचा, बहिणीचा विषय काढतात!"

साहेबांनी सगळे नियम मनातल्या मनात चाळले. अंगाला हात लावायचा नाही असं होतं. ढकलायचं नाही असं होतं. बहिणीच्या लग्नाची चौकशी करायची नाही, असं टेक्ससमध्ये कुणालाही लिहून ठेवावंसं वाटलं नव्हतं.

"हम्माद," साहेब गंभीरपणे म्हणाले, "इज शी ओके?"

"हू?"

"हिज मदर."

*

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी सेल्सचं खातं हललं. खाली बस येऊन उभी राहिली. खोकी चढली, कॉम्प्युटर चढले, हम्मादची फिरती खुर्ची चढली. वेद कुंडीतलं मनी प्लँट कडेवर घेऊन लिफ्टपाशी आला आणि साधनाबाईंसमोर वाकला.

"येतो काकू."

साधनाबाईंचे डोळे भरून आले. या पोराला आपणच तडीपार केलं! त्या लिफ्टपर्यंत गेल्या. लिफ्टमधून खाली गेल्या. खालून बसपर्यंत गेल्या. बसच्या पायरीवर उभं राहून त्यांनी त्याला लोणच्याची बरणी दिली, ती आडवी ठेवायची नाही हे सांगितलं, मग ती कशी ठेवायची हे दाखवायला आत चढल्या. आणि बस सुटली.

"थांबवा! मला उतरायचंय!"

"मॅडम, हायवे," ड्रायव्हर म्हणाला. तेवढंच.

साधनाबाईंनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या सीटवर, खिडकी धरून, मुश्ताक बसला होता.

"तू रे?"

"होडीत बसवून येतो म्हटलं, ताई." मुश्ताक ओशाळून म्हणाला. "मग म्हटलं, पलीकडे लागेपर्यंत..."

त्याच्या पुढच्या सीटवर खैरुद्दीनचाचा. ते एक खोकं ठेवायला चढले होते, पण आत एसी इतका छान होता की उतरण्याची घाई त्यांना उतावळेपणाची वाटली. नबिला या सगळ्यांना खाली उतरा म्हणून ओरडायला चढली होती आणि अजून ओरडतच होती. इद्रीसला कुणी काही विचारलं नाही. सगळे चढले म्हणून तोही चढला होता.

खिडकीतून शारजा मागे गेलं. मग अजमान गेलं. मग उंट दिसू लागले.

रास अल खैमात नव्या ऑफिसात सेल्सने त्यांचं असं स्वागत केलं, की सामना हरल्याचं कुणाच्या चेहऱ्यावर दिसेना. हम्मादने स्वतः खुर्च्या पुसल्या. वेदने कारखान्याच्या कँटीनमधून करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाळ चहा आणला. अनुपमा खजूर घेऊन आली. "पहिल्यांदाच आलात, तसं जाता येणार नाही!" असं म्हणत त्यांनी दाराला आतून कडी लावली.

तेवढ्यात साधनाबाईंचा फोन वाजला. साहेब.

"साधना, मी मजल्यावर उभा आहे. माझ्याबरोबर क्लायंट आहेत. इथे एकही माणूस नाही. व्हेअर इज माय टीम?"

"सर, आम्ही रास अल खैमाला आलोय."

पलीकडे साहेबांनी क्लायंटना बसायला सांगितल्याचं ऐकू आलं.

"पण..." साहेबांचा आवाज बारीक झाला होता. "पण तुम्ही तर जिंकलात."

"म्हणूनच तर, सर!" साधनाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "हरलो असतो तर हे सगळे आले असते आम्हाला सोडायला."

मग साहेबांनी थकलेल्या आवाजात विचारलं, परत कधी येताय?

साधनाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. वेद कपात दुसऱ्यांदा चहा ओतत होता, आणि कोल्हापूरच्या स्थळाचं अजून पुढे काय झालं ते त्याने सांगितलंच नव्हतं.

"हे काय सर, निघतोच आहोत," साधनाबाई म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून नीट मांडी घालून बसल्या.